दवाखान्याच्या दोरीवरची फडकी

माझ्या धाकट्या बहिणीची महिन्याची फडकी मी जवळजवळ पाच वर्षं सरकारी दवाखान्याच्या दोरीवर वाळवली. लोहाऱ्यात ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना हसतात. परवा बाजारात एका म्हाताऱ्यानं आपल्या जावयाला कोपरानं ढोसून माझ्याकडं दाखवलं. मी तिथंच थांबलो आणि म्हणालो, "व्हय, तोच मी. अजून काय विचारायचं असलं तर विचारा." जावई बिचारा वांगी निवडायला लागला.

हसणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी हे लिहीत नाही. माझी पन्नाशी जवळ आली आहे आणि लोकांना अर्धीच गोष्ट माहीत आहे. धाकटीला मी घरात ठेवून घेतली एवढंच ते सांगतात. तिच्या आधी एकीला मी स्वतःच्या हातानं पोचवून आलो होतो, ते कुणी सांगत नाही, कारण त्यात कुणाला वावगं वाटलेलंच नाही.

मला दोन बहिणी. थोरली माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि धाकटी तिच्याहून पाच वर्षांनी. अप्पा, म्हणजे वडील, गेले तेव्हा घरात कर्ता म्हणून मीच उरलो. दोघींची लग्नं एकाच मांडवात लावली. थोरली अकरा वर्षांची होती, धाकटी सहाची. सोलापूरकडं, इंग्रजी मुलखात तेव्हा वयाचा कायदा झालेला होता. आमच्या मोगलाईत, निजामाच्या राज्यात, विचारणारं कोणी नव्हतं. तिकडचे पाहुणे आमच्याकडं येऊन लग्नं उरकून जायचे आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. लग्न झालं तरी मुलगी माहेरीच राहायची. तिला न्हाण आलं की सासरी साखर जायची. साखर पोचली म्हणजे मुलगी नांदायला यायला तयार झाली, असा त्याचा अर्थ.

थोरलीला तेरावं लागलं होतं तेव्हा ती न्हाली. अव्वानं, म्हणजे आईनं, केळीच्या खुंटांचं मखर केलं, बायका गाणी म्हणून गेल्या. साखर घेऊन मी स्वतः गेलो. तिचं सासर लांब, ईटकडं. मी नुकताच दवाखान्यात कंपाउंडरच्या हाताखाली लागलो होतो. डोक्याला नवा पटका होता, आणि दोन दिवस गाडीत बसून अंग आंबलं तरी मी ताठ होतो. तिच्या सासऱ्यांनी साखर तोंडात टाकली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचं मला किती बरं वाटलं होतं!

पंचमीला ती माहेरी आली. परत पोचवायला मीच निघालो. गाव मागं पडल्यावर ती हळूच म्हणाली, "अण्णा, मला परत धाडू नका. मला तिथं भ्या वाटतंय."

मी म्हणालो, "भ्या कशाचं? तिथं वाघ बांधलाय का?"

गाडीवान मोठ्यानं हसला. मीही हसलो. आम्ही हसतोय म्हटल्यावर तीही हसली. मग ईटपर्यंत ती त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही.

सातव्या महिन्यात तिला बाळंतपणाला आणली. चौदा पुरी व्हायची होती. एक दिवस ती भाकरी थापणाऱ्या अव्वाजवळ बसली होती आणि मी ओसरीवर होतो. तिनं विचारलं, "अव्वा, लेकरू बेंबीतून येतंय का?" अव्वा म्हणाली, "गप. येळ आली की समदं कळतंय." मला तोवर कळलेलं होतं. दवाखान्याच्या भिंतीवर माणसाच्या शरीराचा तक्ता टांगलेला होता आणि तो मी रोज पुसत होतो. त्या दवाखान्यातला मी माणूस, पण उठलो आणि चप्पल घालून बाहेर गेलो. बहिणीशी असलं बोलायचं नसतं, एवढंच मला शिकवलेलं होतं, आणि ते मी पाळलं.

तीन दिवस ती अडली. डॉक्टर दौऱ्यावर होते. सुईण म्हणाली, पोरीचं हाड अजून कवळं हाय, वाटच न्हाय. तिसऱ्या दिवशी सोलापूरला न्यायला गाडी जुंपली तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेली आणि लेकरूही तिच्या पोटातच गेलं.

अव्वा म्हणाली, देवानं नेली. सगळे तसंच म्हणाले. मीही म्हणालो. गाडीत ती मला काय बोलली होती, ते मी कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर चारेक वर्षं गेली. माझं लग्न झालं. बायको वळसंगकडची, माझ्या बरोबरीच्या वयाची म्हणावी अशी, कारण तिच्या वडिलांनी तिला उशिरा दिली होती आणि त्यापायी खूप बोलणी खाल्ली होती. दवाखान्यात मी पुरा कंपाउंडर झालो. तिकडं विलायतेत लढाई सुरू झालेली होती. एक दिवस बायको दुपारचा डबा घेऊन दवाखान्यात आली. एरवी ती येत नसे.

"अव्वा म्हणतात, साखर आणायची हाय," ती खाली बघत म्हणाली. "धाकट्या वन्सं न्हाल्या."

माझ्या हातात मलमाची वाटी होती, ती मी खाली ठेवली. धाकटीला तेरावंच चालू होतं. तिचं सासर जळकोटला, सडकेवरच्या गावात. किराण्याचं दुकान, बरं घर. साखर गेली असती तर महिनाभरात तिला न्यायला गाडी आली असती.

संध्याकाळी मी अव्वाला म्हणालो, "साखर जाणार न्हाय."

"म्हंजे?"

"अठरा वर्साची झाल्याबिगर धाडायची न्हाय. तवर ती न्हाली हे कुणाला कळू द्यायचं न्हाय."

अव्वा माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. "अठरा? तवर काय लोणचं घालायचंय तिचं बरणीत?"

"घाल. पण धाडू नको."

"शेजारीपाजारी मला काय म्हणतील? पोरीत खोट हाय म्हणतील."

"म्हणू दे. खोट हाय म्हणलेलं परवडलं."

ती रडली आणि भांडली. डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी तिला सांगितलं. आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे. थोरलीचं कळल्यावर त्यांनी मला समोर बसवून म्हटलं होतं, "मियाँ, ये शरम की बात नहीं, हड्डी की बात है. बच्ची की हड्डी अठारह से पहले पकती नहीं." हाडाची गोष्ट अव्वाला पटली, कारण सुईणीच्या तोंडून तिनं तेच ऐकलं होतं. "एक वरीस," ती म्हणाली. "एक वरीस मी दम काढते. म्होरचं म्होरं."

दुसऱ्या एखाद्या घरात हे लपवणं जमलंच नसतं. तिथं बाई महिन्याला चार दिवस बाहेर बसते, शिवत नाही, पाणी भरत नाही. सगळ्या गल्लीला कळतं. आम्ही लिंगायत, आमच्या गळ्यात लिंग. विटाळ मानायचा नाही ही आमची शिकवण, आणि आमच्या घरात ती खरोखर पाळली जायची. अव्वा त्या दिवसांतही पूजा करायची, स्वयंपाक करायची. धाकटीला कुठं बाजूला बसवायचंच नव्हतं, मग कुणाला काय कळणार? या शिकवणीचा असा उपयोग कुणी केला नसेल. मी केला, आणि आमच्या स्वामींनी मला त्यावरून विचारलं तेव्हा मी त्यांना म्हणालो, "शिकवण तुमचीच हाय, स्वामी. मी फक्त पाळली."

फडक्यांचं मात्र अवघड होतं. आमचं परसू तीन घरांचं सामाईक. तिथं दोरीवर काय टाकलं ते तिन्ही घरच्या बायका मोजून बघायच्या. अव्वाची पाळी तर केव्हाच थांबली होती, लोकांच्या लेखी घरात वापरणारी एकटी माझी बायको, मग तिच्या नावावर महिन्यातून दोनदा फडकी कशी वाळणार? म्हणून बायको आणि धाकटी धुतलेली फडकी कणगीमागं अंधारात पसरायच्या. ती ओलसरच राहायची. पाच-सहा महिन्यांत धाकटीला खाज सुटली, पुरळ उठलं, ती चालेनाशी झाली. बायकोनं मला सांगितलं, मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "उबालो, धूप में सुखाओ. और कोई दवा नहीं."

उकळायला आणि उन्हात घालायला आमच्याकडं जागा होती. दवाखान्याच्या मागं रोज मी पट्ट्या उकळून दोरीवर टाकत होतो. पन्नास पट्ट्यांत आणखी चार फडकी कोण बघणार? घरी येऊन बायकोला तसं म्हणालो. तिनं पदर तोंडात कोंबला.

"तुमी न्याल? तुमी, बाप्या माणूस?"

"लोकांचा पू धुतोय की रोज."

"ते येगळं."

"काय येगळं?"

दुसऱ्या दिवशी तिनं भाकरीच्या फडक्यासारखं एक गाठोडं माझ्या पिशवीत ठेवलं. पहिल्या दिवशी ते उकळताना माझा डोळा दारावर होता. कुणी आलं तर काय सांगायचं ते मी मनात घोकत होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्याला घोकणं थांबलं. पुरळ गेलं, धाकटी पुन्हा पळायला लागली. मग मला लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. थोरलीसाठी मी एवढं साधं कधी केलं नव्हतं.

औषधं आणायला मी सोलापूरला जायचो. तिथून संततिनियमनावरची एक मराठी पुस्तिका आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून. ती दवाखान्यात लेबलांच्या गठ्ठ्यात ठेवली. त्यात दिवस कसे जातात, कसे टाळता येतात, लेकरू कुठं वाढतं, दोन लेकरांत किती अंतर असावं, हे सरळ लिहिलेलं होतं. ते धाकटीपर्यंत पोचवायचं होतं. मी बोलणार नाही हे ठरलेलंच. अव्वा बोलणार नाही. राहिली बायको, आणि तिला वाचता येत नव्हतं.

"हे मी कसं बोलू?" ती म्हणाली.

"मग मी बोलू का?"

"शिवा शिवा! मीच बोलते."

मी बायकोला सांगायचो आणि बायको जात्यावर बसल्यावर तिला सांगायची. जात्याच्या आवाजात अव्वाला ऐकू जायचं नाही, असं त्या दोघींना वाटायचं. धाकटी उलटे प्रश्न विचारायची आणि ते बायकोमार्फत माझ्याकडं यायचे. "वन्सं इचारतात, जुळं कसं व्हतंय?" "वन्सं इचारतात, पोरगी झाली की बाईलाच का बोलतात, बाप्याचं काय मधी नसतंय का?" मला उत्तरं येईनात. मी डॉक्टरांकडं जायचो. ते चष्मा पुसत म्हणायचे, "ये सवाल तुम्हारी बीवी का है, या बहन का?" "बहन का, साहेब." "उसको मदरसे में डालना था, मियाँ. तुम्हारी जगह."

शेवटी धाकटीनंच निरोप दिला की पुस्तिका मला द्या, मला वाचता येतंय, वहिनी निम्मं गिळती. मी दिली.

तिकडं जळकोटहून दर सणाला विचारणा व्हायची. साखर कवा? पहिलं वर्ष अव्वानं, पोरगी बारीक हाय, म्हणून काढलं. दुसरं वर्ष, आमच्यात उशिराच न्हातात, म्हणून. अव्वा आता एका वर्षाचं नाव काढत नव्हती, मीही काढत नव्हतो. मग विहीणबाईंनी एका वैदूकडून औषध पाठवलं. गूळ, तीळ आणि कसल्याशा मुळ्या कुटून केलेले लिंबाएवढे एकवीस लाडू. हे खाल्ले की न्हाण येतंच, असा निरोप. धाकटीनं ते म्हशीला घातले. म्हैस आठ दिवस फार खुशीत होती.

आणि मग विहीणबाई स्वतः आल्या. धाकटी तेव्हा साडेपंधरा वर्षांची होती. चार दिवस राहते म्हणाल्या आणि राहिल्या. तिच्याबरोबर पाण्याला जायच्या, तिच्या शेजारी निजायच्या, तिच्या अंगाकडं बघायच्या. "पोरगी चांगली भरलीया," त्या अव्वाला म्हणाल्या, "न्हाण कुठं अडलंय कळंना." अव्वा ताकात मीठ टाकत राहिली, दोनदा टाकलं.

पाचव्या दिवशी त्यांचा गुडघा धरला म्हणून त्या दवाखान्यात आल्या. डॉक्टर नव्हते. मी त्यांना बाकावर बसवून तेल आणायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा. त्या मागच्या दारात उभ्या होत्या, दोरीसमोर. हातात एक फडकं होतं.

ते हिरव्या इरकली लुगड्याचं होतं, तांबड्या काठाचं. लग्नात त्यांनीच धाकटीला दिलेलं लुगडं. जुनं झाल्यावर तिनं ते फाडलं होतं. जुन्या इरकलीसारखं मऊ दुसरं काही नसतं. काठ फाडून टाकायचा एवढं तिला सुचलं नाही आणि पट्ट्यांत दडपताना मलाही दिसलं नाही. उकळून उकळून काठ फिका पडला होता, तरी ज्या बाईनं दुकानात चार लुगडी उलगडून ते निवडलं होतं, ती ओळखणार नाही का?

"हे माझ्या सुनंचं लुगडं," त्या म्हणाल्या. "हितं जखमा बांधायला वापरता व्हय कंपाउंडर?"

बाकावर आणखी दोन-तीन पेशंट होते. ते माना वळवून बघत होते. "व्हय, पट्टीच हाय," असं मी म्हणू शकलो असतो. तोंडावर आलंही होतं. का कोण जाणे, मला तेव्हा गाडीत हसतानाचा माझा स्वतःचा आवाज आठवला.

"न्हाय मावशी," मी म्हणालो. "ते तुमच्या सुनंचं महिन्याचं फडकं हाय. ती न्हाली त्याला अडीच वर्सं झाली. मीच लपवलं. मीच हितं आणून उकळतोय."

त्यांच्या हातातून फडकं खाली पडलं. मी ते उचललं, झटकलं आणि परत दोरीवर टाकलं. बाकावरचा एक जण म्हणाला, "आयला!" दुसरा उठून निघूनच गेला. दिवे लागायच्या आत गावभर झालं.

घरी आल्यावर विहीणबाई ओसरीवर बसल्या, आत आल्या नाहीत. "उद्या सकाळी पोरगी माझ्या गाडीत बसली पायजे. न्हाय बसली तर हिथनं म्होरं आमचा तुमचा संबंध न्हाय. पोराचं दुसरं करीन. आन् ही बसंल तुमच्या दोरीखाली जलमभर."

अव्वा आत गेली आणि धाकटीची ट्रंक काढली. लुगडी घडी करायला लागली. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. मी म्हणालो, "अव्वा, थांब."

"तू गप. तुझ्यापायी झालंय समदं. टाकून दिलेली पोरगी घरात घेऊन मी कुठं तोंड दावू? थोरली गेली ती देवानं नेली. हिला तू मारणार."

तेव्हा मी सांगितलं. सात-आठ वर्षं दाबून ठेवलेलं सांगितलं. "थोरलीला देवानं नेली न्हाय. तिनं मला गाडीत सांगितलं व्हतं, मला परत धाडू नका म्हणून. मी हासलो. वाघ बांधलाय का म्हणून इचारलं. तुझ्याजवळ येऊन बोललो असतो तर तू तिला ठिवून घेतली असती. मी बोललो न्हाय. तुला ती बेंबीचं इचारत व्हती तवाबी मी ऐकत व्हतो, आन् उठून गेलो."

अव्वाचे हात थांबले. बायको चुलीपाशी उभी होती, तिनं तोंड फिरवलं. मग अव्वा एवढंच म्हणाली, "मला तवा का न्हाय सांगितलंस?" घडी केलेलं लुगडं उलगडत ती म्हणाली, "तिला मी ठिवून घेतली असती रे."

तिनं ट्रंकेतली लुगडी काढून खुंटीवर टाकली. ओसरीवर गेली. ती जन्मात कधी व्याह्यांसमोर मोठ्यानं बोलली नव्हती. "विहीणबाई," ती म्हणाली, "गाडी रिकामी न्या. पोरगी येणार न्हाय. एक घालवलीया मी. तुमच्या नातवापायी दुसरी घालवणार न्हाय."

"टाकली म्हणून समजा मग," विहीणबाई म्हणाल्या.

"समजते."

त्या गेल्यावर मला वाटलं होतं, धाकटी माझ्याजवळ येईल, काहीतरी चांगलं बोलेल. ती आली. "अण्णा," ती म्हणाली, "तुमी साखर नेली तवा अक्काला कुणी इचारलं न्हाय. तुमी साखर न्हाय नेली तवा मलाबी कुणी इचारलं न्हाय."

हे मला अव्वाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. खरं होतं. मी तिला वाचवत होतो, पण तिच्याबद्दल सगळं माझ्या आणि अव्वाच्या मध्ये ठरत होतं, आधीही तसंच ठरायचं. मी विचारलं, "मग तुझं काय म्हणणं हाय?"

"मला नांदायचं हाय. त्ये माणूस वाईट न्हायत, लग्नात मला त्येंनी आपल्या पानातली जिलबी दिली व्हती." मग ती थोडी हसली. "पण मी म्हणल तवा जाईन. आन् जायच्या आधी त्येंनाबी ते पुस्तक वाचायला लावा. मी एकटी वाचून काय उपेग?"

महिन्याभरानं जावई, म्हणजे धाकटीचा नवरा, आला. एकटा, आईला न सांगता, सडकेवरून चालत. वीस-एकवीस वर्षांचा, दुकानात बसून हात पांढरे झालेला. दवाखान्यातली गर्दी ओसरेपर्यंत तो बाकावर बसून राहिला.

"आई म्हणती, दुसरी बघू. मी न्हाय म्हणलो. पण का न्हाय म्हणू ते मला कळंना, म्हणून आलो."

मी पुस्तिका त्याच्यापुढं ठेवली. त्यानं पहिलं पान उघडलं आणि मिटलं. कान लाल झाले होते.

"दाजी, वाचा."

"हितं? तुमच्या म्होरं?"

"मी पाठ करून बसतो."

मी खरंच पाठ करून बाटल्या पुसत बसलो. मागं पानं उलटण्याचा आवाज येत होता. मध्येच तो म्हणाला, "अण्णा, हे समदं खरं हाय का?" मी म्हणालो, खरं हाय. मग डॉक्टर आले. त्यांनी त्याला आत नेलं, तक्ता दाखवला, दुकानदाराला समजेल अशा भाषेत समजावलं. दिवस टाळायला काय काय मिळतं, ते हैदराबादहून मागवता येतं, त्यात पाप नाही, हेही सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता.

मी त्याला थोरलीचंही सांगितलं. गाडीतल्या हसण्यासकट. आता ते सांगायला मला पहिल्याइतकं जड गेलं नाही. आजही जात नाही, मी कुणालाही सांगतो.

"किती थांबायचं?" त्यानं विचारलं.

"ते मी सांगायचं न्हाय. ती सांगंल."

"आन् आईला काय सांगू?"

"तिला सांगा, कंपाउंडर यडा हाय."

"त्ये ती आधीच म्हणती," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

पुढची जवळजवळ तीन वर्षं सोपी गेली नाहीत. आमच्या समाजातल्या चार घरांनी आम्हाला लग्नकार्यात बोलावणं बंद केलं. पाणवठ्यावर माझ्या बायकोला विचारायचे, "आज पट्ट्या वाळल्या का?" ती म्हणायची, "वाळल्या की. तुमच्याबी द्या, उकळून मिळतील." आणि खरं सांगतो, सहा महिन्यांनी तिच्याकडं हळूच दोन गाठोडी आली. वर्षभरात पाच. मी ती सगळी उकळली. दवाखान्याचा शिपाई कुरकुरला, त्याला मी सांगितलं, तक्रार कर. त्यानं केली. डॉक्टरांनी तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला आणि तो तिथंच राहिला.

अव्वा माझ्याशी घरातलं बोलायची, बाजारातलं बोलायची. थोरलीचं नाव निघालं की उठून जायची. तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. माफी मी मागितलीही नाही, कारण ती तिच्याकडं मागायची नव्हती, आणि जिच्याकडं मागायची ती राहिली नव्हती.

विहीणबाईंनी मुलासाठी तीन ठिकाणं बघितली. तिन्ही वेळा तो दुकान बंद करून दिवसभर कुठंतरी निघून गेला. चौथ्यांदा त्यांनी बघणं सोडलं. मधल्या काळात जावई दोनदा दवाखान्यात आला आणि पहिलं लेकरू कधी, यावर धाकटीशी आणि डॉक्टरांशी बोलून गेला. आणि धाकटीला अठरावं संपून चार महिने झाल्यावर तिनं स्वतःच्या हातानं जळकोटला कार्ड लिहिलं, न्यायला या म्हणून. मुलीनं असं लिहायची रीत नव्हती. पोस्टमननं ते वाटेत वाचलंच असणार.

गाडी आली तेव्हा दारात निम्मं गाव जमलं होतं. इतकी वर्षं आमच्याकडं पाणी न घेतलेलेही होते. विहीणबाई गाडीत पुढं बसल्या होत्या, तोंड वाकडं करून. अव्वानं धाकटीची ओटी भरली. ट्रंक चढवली, तिच्यात पुस्तिका होती. जावई जुवाजवळ उभा होता. धाकटीनं पाय गाडीच्या चाकावर ठेवला आणि तिथंच थांबली. सगळ्यांसमोर तिनं नवऱ्याकडं सरळ बघितलं. आमच्याकडं बाई चार माणसांत नवऱ्याशी बोलत नाही. बायका कुजबुजायच्या थांबल्या.

"दवाखान्यात ठरलंय ते ध्यानात हाय न्हवं?" तिनं विचारलं. "तीन वर्सं."

जावयाचे कान पुन्हा लाल झाले. त्यानं आपल्या आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग तिच्याकडं.

"हाय," तो म्हणाला.

"काय ठरलंय गं?" विहीणबाई गाडीतून ओरडल्या. "कशाची तीन वर्सं?"

"वाटंत सांगते, अत्या," धाकटी म्हणाली, आणि चढून त्यांच्या शेजारी बसली.